साहेब, सरकारी मेलची एक प्रत ऑफिसच्या कपाटात ठेवायला लावा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात कंप्युटर आणि नेटवर्कची कामं करतो, त्यातली बरीचशी सरकारी आणि निमसरकारी ऑफिसांची असतात, म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. मागणी एकच आहे. प्रत्येक सरकारी ऑफिसच्या मेलबॉक्सची, सगळ्या फोल्डरांसकट, एक प्रत सर्व्हरवरून उतरवून त्या ऑफिसात ठेवायची आणि चार्ज देताना-घेताना तिची नोंद करायची, असा एक साधा जीआर काढा.

आता होतं काय ते सांगतो. बदली झाली की चार्जची यादी बनते. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, डेडस्टॉक रजिस्टर, कॅशबुक, प्रलंबित फायली, सगळ्याची नोंद आणि खाली देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या. मेलबॉक्सचं काय, तर एका चिठ्ठीवर पासवर्ड, तोही कधी कधी जुना, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून गेलेल्या माणसाचा. मग नवीन माणूस आत जाऊ शकत नाही, ओटीपी दुसऱ्याच जिल्ह्यात वाजतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की नवीन आयडी काढा. एका ऑफिसात मी स्वतः बघितलंय, आधीच्या सगळ्या वर्षांचा पत्रव्यवहार जुन्या खात्यात अडकून पडलेला, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर काय द्यायचं म्हणून क्लार्क बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. त्यांची काही चूक नव्हती. मेल सांभाळायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं म्हणजे कायदा आधीपासून आहे. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये माहितीची व्याख्या करताना ईमेल हा शब्द स्पष्ट आहे, आणि कलम ४ म्हणतं की अभिलेख सूची करून नीट ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ठेवायचं तर ते नंतर उघडता आलं पाहिजे, आणि कुठून आलं, कुठं गेलं, कधी गेलं हे त्यात दिसलं पाहिजे. म्हणजे मेलची प्रिंट काढून फायलीला लावली की काम झालं असं जे सगळे समजतात ते पुरेसं नाही, कारण मेल कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता निघाला ही माहिती हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीत, असते आणि प्रिंटवर तो पूर्ण हेडर येतच नाही.

आणि कागदासाठी आपल्याकडं किती सुंदर व्यवस्था आहे बघा ना! सहा गठ्ठे पद्धत आहे, म्हणजे कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावून ठेवायची, अ ब क ड वर्गवारी आहे, अ म्हणजे कायमचं, ब तीस वर्षं, ड एका वर्षानंतर नाश. जुन्या लोकांनी विचार करून बसवलेली पद्धत आहे ही आणि आजही जिथं रेकॉर्ड कीपर चांगला आहे तिथं पन्नास वर्षांपूर्वीचा कागद निघतो. तोच आदेश आता कागदावर न येता मेलने येतो आणि त्याला मात्र ना वर्ग ना गठ्ठा, इनबॉक्समध्ये जाहिरातींच्या शेजारी पडून राहतो, आणि जागा भरली की सगळ्यात जुने मेल सिलेक्ट करून डिलीट.

बऱ्याच छोट्या ऑफिसांचा आणि संस्थांचा पत्रव्यवहार अजून फुकटच्या जीमेल खात्यावर चालतो. तिथं १५ जीबीची मर्यादा आहे, शिवाय गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. निवडणुकीपुरतं किंवा एखाद्या योजनेपुरतं काढलेलं खातं दोन वर्षं कोण उघडतंय? आणि सरकारी सर्व्हर असला तरी तो कायम एकाच जागी थोडाच राहतो. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या जुन्या सिस्टिमवरून झोहो या खाजगी भारतीय कंपनीच्या सिस्टिमवर गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, आणि ते कंत्राट सात वर्षांचं आहे, म्हणजे पुढंही कधीतरी हलवाहलव होऊ शकते. अशा वेळी ज्याच्याकडं स्वतःची प्रत असते तो निर्धास्त असतो.

साहेब, २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग कुणी विसरलेलं नाही. जळालेल्या फायली परत उभ्या करायच्या तर विभागीय आणि जिल्ह्याच्या ऑफिसांकडं प्रती शोधाव्या लागल्या. दुसऱ्या जागी प्रत होती म्हणून ते जमलं. आणि सगळं कंप्युटरवर नेलं की आगीची भीती संपली असंही नाही, कारण २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळं आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याचा बॅकअप बाहेर कुठंच नव्हता. इतक्या पुढारलेल्या देशात! उलट फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांमधले मेल गायब झाले होते तेव्हा गुगलने ते टेपवरून परत आणले. सर्व्हरशी अजिबात न जोडलेली टेप कामाला आली.

आता हे करायचं कसं, कारण जीआरमध्ये नुसतं "बॅकअप घ्यावा" लिहिलं तर काहीच होणार नाही, उलट नुकसान होईल. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण इथंच सगळे फसतात. जुने ऑपरेटर मेल क्लायंटमध्ये, म्हणजे कंप्युटरवर मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये, पीओपी ही मेल खाली उतरवायची जुनी पद्धत लावून देतात. पीओपीमध्ये फक्त इनबॉक्स खाली येतो, सेंट नाही, बाकीचे फोल्डर नाहीत, आणि सेटिंग चुकलं तर सर्व्हरवरचा मेलही निघून जातो. म्हणून आयमॅप ही दुसरी पद्धत वापरायला सांगा, पोर्ट ९९३ (सेटिंगमध्ये टाकायचा आकडा), त्यात फोल्डरांची रचना जशीच्या तशी मिळते. पण आयमॅपमध्ये वेगळी मेख आहे. ते सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडं सारखं ठेवणं, बॅकअप नाही. सर्व्हरवर कुणी मेल डिलीट केला की पुढच्या सिंकला तुमच्या कंप्युटरवरचाही जातो. त्यामुळं थंडरबर्ड या फुकट मेल प्रोग्राममध्ये नुसतं खातं जोडून समाधान मानायचं नाही, मेल "लोकल फोल्डर्स"मध्ये कॉपी करायचे, मग ते सर्व्हरच्या हातात राहत नाहीत. जिथं जरा जाणकार माणूस आहे तिथं एमबीसिंक नावाचं फुकट टूल आहे, त्याला फक्त खाली ओढ आणि इथलं काही पुसू नको असं सांगता येतं, पहिल्यांदा सगळं उतरायला वेळ लागतो पण नंतर रोज फक्त नवीन मेल येतात.

प्रत कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची हेही जीआरमध्ये लिहा. एमबॉक्स, ईएमएल किंवा मेलडिर, हे तिन्ही साधे टेक्स्ट आहेत, वीस वर्षांनी कुठल्याही कंप्युटरवर वाचता येतील, त्यांना कुठल्या कंपनीचं लायसन लागत नाही. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, एक खराब झाली तर बाकीच्या वाचतात, मला तेच आवडतं. फक्त फाइलच्या नावात कोलन येतो आणि विंडोजला तो चालत नाही, त्यामुळं लिनक्सवरून पेनड्राइव्हवर टाकायला गेलं की कॉपी अर्ध्यात थांबते. आधी सगळं एका टार फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एकाच गाठोड्यात, बांधायचं आणि मग हलवायचं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आपण फोल्डरला "आवक", "जावक", "पाणी टंचाई" अशी नावं देतो आणि दिलीच पाहिजेत. पण आयमॅपची जुनी पद्धत अशी आहे की देवनागरी नाव इंग्रजी अक्षरांच्या एका विचित्र सांकेतिक रांगेत बदलून जातं, म्हणून बॅकअप घेतल्यावर डिस्कवर तसलीच नावं दिसू शकतात आणि लोकांना वाटतं व्हायरस आला, मग तेच पुसून टाकतात. ते खराब झालेलं नसतं, नाव परत मिळवता येतं. २०२१ च्या आयमॅपच्या नव्या आवृत्तीत थेट यूटीएफ-८ नावं, म्हणजे देवनागरी जशीच्या तशी, चालतात. राज्याचा मेल सर्व्हर कुणाकडूनही घ्या, ही अट टेंडरमध्ये टाका, आपल्या भाषेतल्या ऑफिसांसाठी ती फार गरजेची आहे.

कोर्टाचं पण बघायला हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेली, फाइल जराही बदलली तर बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण, लिहावी लागते. बॅकअप घेतला त्याच दिवशी त्या फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून रजिस्टरला लिहून ठेवला तर नंतर कुणी म्हणू शकणार नाही की मेल मागाहून बदलला. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते वेळेवर केलेलं असलं तरच उपयोग.

गुप्ततेची काळजी मला पण आहे. नागरिकांचे आधार नंबर, तक्रारी, आजारपणाचे दाखले मेलमध्ये असतात, ते उघड्या पेनड्राइव्हवर फिरता कामा नये. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारी, हवी आणि तिचा पासवर्ड सीलबंद पाकिटात ऑफिस प्रमुखाकडं. एक डिस्क ऑफिसच्या कपाटात, दुसरी तालुक्याच्या उपकोषागाराच्या स्ट्राँगरूममध्ये, ती जागा आधीच पहाऱ्यात असते, वेगळा खर्च नाही. डिस्क काही हजारांत येते. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून कुठलाही एक फोल्डर दुसऱ्या कंप्युटरवर उघडून दाखवायचा, उघडला नाही तर बॅकअप झालाच नाही असं धरायचं.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. सामान्य प्रशासन विभागाशी बोलून त्याच्या आत जीआर निघाला तर येत्या बदल्यांपासूनच चार्ज यादीत एक ओळ वाढेल : मेलबॉक्सची प्रत, फोल्डरांची संख्या, हॅश, दोघांच्या सह्या. आमच्या तालुक्यात कुठल्याही एका ऑफिसात हे आधी करून बघायचं ठरवलं तर सगळी मांडणी मी विनामोबदला करून देईन, ऑपरेटरला शिकवेन, आणि कुठं अडलं ते तुमच्या विभागाला लेखी कळवेन.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक कंप्युटर मेकॅनिक