हरकत नोंदवायची ती कोणत्या स्लॅबवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील अग्रलेख वाचला. नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात, हरकती व सूचनांसाठी महिन्याभराची मुदत मिळते, पण नागरिकच उदासीन असल्यामुळे कोणी चार ओळी लिहून पाठवत नाही आणि नियम लागू झाल्यावर मात्र ओरड सुरू होते, असा आपला निष्कर्ष आहे. भाषा नेहमीप्रमाणे सुबक आहे. मात्र चार ओळीच काय, चार पाने लिहून, ती स्वतः कार्यालयात नेऊन, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतलेल्या एका वाचकानेही हा अग्रलेख वाचला आहे, हे आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते.

विषय नगररचनेचा आहे. मुंबई महापालिकेचे क्षेत्र आणि काही मोजके अपवाद वगळता राज्यभर २०२० च्या डिसेंबरपासून, कुठे किती आणि कसे बांधता येईल हे ठरवणारी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तिच्यात बदल करायचा तर शासनाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ (१कक) खाली सूचना प्रसिद्ध करायची, एक महिन्यात हरकती घ्यायच्या, हरकतदारांना आणि नियोजन प्राधिकरणाला (म्हणजे महापालिका, नगरपालिका वगैरेंना) ऐकून घ्यायचे, नगररचना संचालकांशी विचारविनिमय करायचा आणि मग फेरबदल मंजूर करायचा, बदलासह मंजूर करायचा किंवा चक्क सोडून द्यायचा, अशी कायद्याची वाट आहे. वाट चांगली आहे. आपण अग्रलेखात तिचेच कौतुक केले आहे. पण त्या सूचनेच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत आपण गेला नसावात असे दिसते.

त्या शेवटच्या परिच्छेदात अनेकदा कलम १५४ येऊन बसलेले असते. केंद्र वा राज्य शासनाची धोरणे राबवण्यासाठी, अधिनियमाच्या कार्यक्षम अंमलबजावणीसाठी किंवा व्यापक लोकहितासाठी शासनाला नियोजन प्राधिकरणांना निदेश देता येतात, असे ते कलम सांगते. त्याचा आधार घेऊन असे लिहिले जाते की, फेरबदलाच्या मंजुरीची कार्यवाही प्रलंबित असली तरी प्रस्तावित फेरबदल तात्काळ अमलात येईल. म्हणजे पहिल्या पानावर आपली हरकत मागवायची आणि शेवटच्या पानावर, त्याच तारखेला, त्याच सहीने, जिच्यावर हरकत मागवली ती गोष्ट लागूही करून टाकायची. लग्न लावून झाल्यावर मुलगी पसंत आहे का, असे विचारणारे पाहुणे मी अजून पाहिलेले नाहीत; शासन मात्र पाहिले आहे.

माझ्या बाबतीत घडले ते असे. आमच्या घराच्या मागच्या बाजूला बरीच वर्षे मोकळा असलेला एक प्लॉट आहे, किंवा होता असे म्हणावे लागेल. त्याला लागू पडेल असा एक फेरबदल प्रस्तावित झाला. कोणता आणि कोणत्या विनियमाचा, हे मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की माझे पत्र ‘शेजाऱ्याच्या इमारतीवर जळणारा म्हातारा’ या सदरात जाते आणि मुद्दा बाजूला पडतो. सूचना मला दिसली ती राजपत्राच्या विभागीय पुरवणीत नव्हे. ती पुरवणी उघडून वाचणारा मनुष्य माझ्या ओळखीत नाही. ती मला दिसली आपल्याच दैनिकात, निविदांच्या जाहिरातींच्या खाली, एवढ्या बारीक टायपात की भिंग लावून वाचावी लागली. त्या दिवसापासून मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. मी नियमावलीची प्रत मिळवली, संबंधित तरतूद मूळ आणि प्रस्तावित अशी शेजारी शेजारी लिहून काढली, रस्त्याची रुंदी टेप धरून स्वतः मोजली (या कामी नातू टेपच्या दुसऱ्या टोकाला होता) आणि बाराव्या दिवशी हरकत दाखल केली. आवक क्रमांक आणि तारीख असलेली प्रत आजही माझ्याजवळ आहे. आपल्या प्रतिनिधीने यावे, दाखवतो.

हरकत दाखल केली त्या दिवशी प्लॉटवर जेसीबी आला होता. पायाचे खोदकाम सुरू झाले. पुढचे काही महिने मी माझ्या हरकतीचे वय स्लॅबमध्ये मोजत होतो. जोत्यापर्यंत काम आले तेव्हा पोच मागणारे पहिले पत्र पाठवले. पहिला स्लॅब पडला तेव्हा दुसरे. तिसऱ्या स्लॅबच्या सुमारास सुनावणीचे पत्र आले, पण ते माझ्या हाती पडले सुनावणीच्या तारखेनंतर दोन दिवसांनी. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला तर पत्र टाकलेच मुळी सुनावणीच्या आदल्या दिवशी. तशी लेखी तक्रार केल्यावर दुसरी तारीख मिळाली. एवढे औदार्य दाखवल्याबद्दल त्या कार्यालयाचे आभार मानायलाच हवेत.

दुसऱ्या तारखेला मी सकाळी साडेदहाला पोहोचलो. आम्ही अकरा हरकतदार होतो आणि बसायला एक बाक. आत बोलावले तेव्हा अधिकारी अत्यंत सौजन्याने वागले, हे नमूद करतो. आपले म्हणणे थोडक्यात सांगा, असे ते म्हणाले. मी सांगू लागलो तर त्यांच्या समोरच्या नस्तीत माझी हरकतच नव्हती. मी माझी प्रत पुढे केली, तिची झेरॉक्स काढायला शिपाई खाली गेला, मशिनमध्ये कागद अडकला आणि तोवर माझी वेळ संपली. बाहेर पडताना तिथल्या तरुण कारकुनाने, अगदी मनापासून, मला विचारले, “काका, हे तर केव्हाच चालू झालंय. आता हरकत कशावर घेताय?” इतका नेमका प्रश्न मला त्या दिवशी दुसऱ्या कोणी विचारला नाही. उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी आलो तेव्हा मागे चौथ्या स्लॅबचे काँक्रीट ओतले जात होते.

समजा, उद्या माझी हरकत मान्य झाली आणि फेरबदल रद्द करण्याचे शासनाने ठरवले, तर तोवर दिलेल्या परवानग्यांचे काय होणार? चौथा मजला कोणी उतरवून देणार नाही. बिल्डरने परवानगी घेऊन बांधले, त्याचा यात काही दोष नाही; सदनिका घेणाऱ्यांचा तर मुळीच नाही. त्यामुळे सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे ठाऊक असते की आता ‘नाही’ म्हणणे म्हणजे शासनाने स्वतःच देऊन टाकलेल्या परवानग्यांवर प्रश्नचिन्ह लावणे. असे धाडस कोण करील? जी गोष्ट नाकारण्याची सोयच ठेवलेली नाही, तिच्यावर मत मागवायचे आणि मत आले नाही म्हणून जनतेला उदासीन ठरवायचे, हा न्याय मला पटत नाही.

तातडी कधीच नसते, असे माझे म्हणणे नाही. आपत्ती, न्यायालयाचा आदेश, एखाद्या तरतुदीतली उघड चूक अशा वेळी शासनाला महिनाभर थांबता येत नसेल, हे मी समजू शकतो. तेवढ्यासाठी कलम १५४ जरूर वापरावे. पण ज्या सूचनेत तातडीचे कारण म्हणून ‘व्यापक लोकहित’ एवढे दोनच शब्द असतात, तिथे ते लोक कोण आणि हित कोणते, हे आणखी दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे? (हा शब्द अनवधानाने आला, तो हरकत म्हणून नोंदवू नये.)

आता एक कबुलीही द्यायला हवी. मी स्वतः एकतीस वर्षे सरकारी नोकरीत काढली आहेत, टंकलेखक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कार्यालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. आमच्याकडे मसुदा प्रसिद्धीला पाठवला जाई त्याच दिवशी अंतिम अधिसूचनेचाही कच्चा खर्डा तयार करून नस्तीत लावून ठेवण्याची पद्धत होती. त्यात “प्राप्त हरकती व सूचनांचा साकल्याने विचार करून” हे वाक्य मी स्वतः अनेकदा टंकित केले आहे, एकही हरकत येण्यापूर्वी. फक्त दिनांकाची जागा मोकळी सोडायची. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. काम वेळेत उरकते, एवढेच वाटत असे. आज बाकाच्या या बाजूला बसल्यावर ते वाक्य किती महाग होते ते कळले. त्या काळी निदान हरकतींची मुदत संपेपर्यंत तो खर्डा नस्तीतच राहत असे, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

आधी लागू करा, मग तपासा, ही रीत एकट्या नगररचनेची नाही. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के प्रवेशांच्या नियमांत ९ फेब्रुवारी २०२४ रोजी दुरुस्ती झाली आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या प्रवेशांतून सूट मिळाली. ६ मे रोजी उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती रद्दच केली. मूळ कायद्याने दिलेली गोष्ट नियमाने काढून घेता येत नाही, हे सांगायला न्यायालय लागावे, याचे मला आश्चर्य वाटते. मधल्या काळात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी नातीचा अर्ज एकदा नव्या नियमाने भरला आणि स्थगितीनंतर पुन्हा जुन्या नियमाने. दोन्ही वेळा जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार हे सगळे घेऊन त्या सायबर कॅफेत रांगेत उभ्या होत्या आणि दोन्ही वेळचा खाडा त्यांच्या पगारातून गेला. पगार कापणाऱ्या घरांपैकी एक घर आमचेही होते, हे लिहिताना मला बरे वाटत नाही. त्यांना आपण उदासीन नागरिकांत धरता का?

आणि नागरिक उदासीन असतात, हे गृहीतकच मुळात तपासून पाहा. १६ एप्रिल २०२५ चा, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय आठवा. हरकत कोणत्या पत्त्यावर आणि किती दिवसांत पाठवावी, हे शासन निर्णयात लिहिण्याची पद्धत नसते. तरीही हरकती आल्या, सर्व बाजूंनी आल्या. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आले आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. जिथे विचारले नाही तिथे लोक एवढे बोलले. जिथे विचारतात तिथे ते गप्प का बसतात, याचा शोध अग्रलेखात घेतला असता तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

माझी मागणी मोठी नाही. हरकतींची मुदत चालू असेपर्यंत प्रस्तावित फेरबदलाखाली बांधकाम परवानगी देऊ नये. द्यायचीच असेल तर हरकती मागवू नयेत. माझ्यासारख्यांचे झेरॉक्सचे पैसे तरी वाचतील. आणि मागवल्याच, तर कोणती हरकत का अमान्य झाली, हे अंतिम अधिसूचनेसोबत एका ओळीत का होईना छापावे.

मागच्या इमारतीत आता लोक राहायला आले आहेत. परवा तिथली चार मुले गणपतीची वर्गणी मागायला आमच्याकडे आली होती. चांगली मुले आहेत, नमस्कार वगैरे केला. मी एकशे एक रुपये दिले आणि त्यांनी जागच्या जागी पावती फाडून दिली. माझ्या हरकतीवर अद्याप काहीही कळवण्यात आलेले नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त अधीक्षक

ता. क. : गेल्या वर्षी याच विषयावरील माझे पत्र आपण पाच ओळींत छापले होते आणि त्यात ‘नगररचना’ या शब्दाच्या जागी ‘नगरसेवक’ छापले गेले होते. त्यामुळे आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्याची दुरुस्ती छापण्याची विनंती मी दोनदा केली होती. हे पत्र कापायचेच असेल तर निदान कुठून कापणार ते आधी कळवावे. माझी हरकत मी मुदतीत पाठवीन.