शनिवारची चाखणी: बिअर कशाने निवळली ते बाटलीवर लिहा

मंडळी,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता, न्यू जर्सीतल्या आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये घरच्या बिअरची चाखणी आहे. प्रत्येकाने दोन बाटल्या आणाव्यात.

निवळायला, म्हणजे बिअरचा गढूळपणा घालवायला, काय वापरलं, ते बाटलीवर लिहिणं आता सक्तीचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून येतं, आयसिंग्लास माशाच्या हवेच्या पिशवीतून. गेल्या खेपेला एका शाकाहारी सदस्याने ग्लास संपवल्यावर विचारलं आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

- आयरिश मॉस म्हणजे समुद्री शेवाळ, सगळ्यांना चालेल. उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत घाला.
- जिलेटिन गरम पाण्यात विरघळवा, पण उकळू नका. बिअर थंडगार हवी.
- हेफेवायझन (गव्हाची जर्मन बिअर) गढूळच शोभते, ती निवळायच्या वाटेला जाऊ नका!

गाडी चालवणाऱ्यांनी फक्त वास घ्यावा.