चतुर्थीला घाट उतरण्यापूर्वी

सावंतवाडी,
श्रावण वद्य पंचमी

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गाडी घेतलीस आणि चतुर्थीला आजऱ्यावरून आंबोली घाटाने स्वतः चालवत घरी येणार आहेस, हे बाबांनी सांगितल्यापासून माझ्या मनात एकच विषय घोळतो आहे. गाडी चालवायची कशी ते तुला शिकवले गेले आहे. ती थांबते कशी, हे मात्र कोणी समोर बसवून सांगितले असेल असे वाटत नाही, आणि सव्वीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या आईने ते सांगायचे राहू दिले तर तो माझाच दोष ठरेल.

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी विचारत असे की ढकललेली वस्तू का थांबते, आणि दरवर्षी उत्तर येई, "तिच्यातला जोर संपतो म्हणून." मग मी कॅरमचा बोर्ड मांडून त्याच स्ट्रायकरला आधी पावडरीशिवाय आणि मग पावडर टाकून टिचकी मारायला लावत असे. पावडरीवर तो कितीतरी लांब जाई, आणि मुलांच्या ध्यानात येई की थांबवणारे काहीतरी बाहेरून लागते. गाडीला असे थांबवणारे तिघे असतात: फिरताना सतत दबून पुन्हा फुगणाऱ्या टायरांचा रोध, हवेचा रोध आणि ब्रेकमधले घर्षण. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर तो मोठा असतो. पण घाटातल्या तीस-चाळीसच्या वेगाला त्याची मदत नाममात्रच होते. तिथे मुख्य भार ब्रेकवर येतो.

तो भार किती, हे एकदा मांडून पाहा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. माणसे व सामान धरून तुझी गाडी 1100 किलोची आणि उतार 600 मीटरचा मानला, तर खाली येईपर्यंत सुमारे 65 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत वीस लिटर साधे पाणी उकळीला येईल. यातला काही हिस्सा टायर आणि हवा घेतात, उरलेला सगळा ब्रेकने घ्यायचा म्हटले तर त्या चार चाकांमधल्या तबकड्यांची आणि त्यांना घासणाऱ्या लायनरची काय अवस्था होईल, याचा विचार कर.

तू सहा वर्षांचा असताना आपण भाड्याच्या जीपने हा घाट उतरत होतो, ते तुला आठवत नसेल. जळक्या रबरासारखा वास येऊ लागला, आणि चालक म्हणाला की पेडल मऊ लागते आहे. त्याने डोंगराच्या बाजूला गाडी लावली. मी खाली उतरले तेव्हा झिमझिम पाऊस होता, आणि पुढच्या चाकाच्या आत पडणारा प्रत्येक थेंब तव्यावर पडल्यासारखा चुर्र करून नाहीसा होत होता. आम्ही पाऊण तास तिथेच उभे राहिलो. तापलेल्या लायनरचे घर्षण घटते, हे ब्रेक नीट न लागण्याचे एक कारण. दुसरे कारण ब्रेक ऑइलचे: ते हवेतला ओलावा शोषते, आणि डॉट 3 प्रकारचे नवे तेल जिथे किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, तिथे ओलावा धरलेले तेल 140 अंशांच्या सुमारासही उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला तरी बुडबुडेच दबतात, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. तुझी गाडी जुनी घेतलेली आहे. तेल शेवटचे कधी बदलले ते ठाऊक नसेल तर निघण्याआधी बदलून घे.

घाटातले जुने चालक सांगतात की ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरावे. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. बंद झडपेतून हवा ओढण्यात आणि इंजिनाच्या आतल्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, आणि ब्रेक थंड राहतात. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचते हा समज मनातून काढून टाक. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना इंधन बहुतेक वेळ बंदच असते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. तुझ्या पुण्यातच, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय घडते ते तू पाहतोस. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथल्या एकाच अपघातात चाळीसहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले होते.

आता पावसाविषयी. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतो तो रस्ता, टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांमधून. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण 0.7 आणि ओल्यावर 0.4 धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्यावर 36 मीटरांत थांबेल, ओल्यावर तिला 63 मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे एका सेकंदातले 22 मीटर वेगळेच. वेग 40 केलास तर ओल्यावरही 16 मीटर पुरतात, कारण वेग अर्धा झाला की अंतर चौथाईवर येते. उतारावर हे सगळे आकडे वाढतात, आणि शेवाळलेल्या वळणावर किंवा शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने सांडलेल्या लाल चिखलावर 0.4 सुद्धा मिळणार नाही. चाक फिरते आहे तोवर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग घसरत नसतो आणि स्थितिक घर्षण लाभते. चाक जाम झाले की त्याहून कमी असलेले गतिक घर्षण उरते आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. माजघरातली तांदळाची पेटी हलवताना पहिला धक्काच जड जायचा आणि एकदा सरकली की सोपी व्हायची, तोच हा फरक. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही ती यासाठीच. पेडल थरथरले तर ती काम करते आहे असे समज, घाबरून पाय काढू नकोस.

टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते, म्हणून त्या 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खोल असलेला टायर चालवू नये असा नियम आहे. आंबोलीच्या पावसात मला तेवढ्यानेही समाधान होणार नाही. चारही टायरांच्या खाचा मोजून आकडे मला रविवारपर्यंत कळव.

तुझी,
आई