तुझ्या वाट्याचे २६ पौंड

बर्मिंगहॅम
२३ मार्च २०२५

प्रिय नाना,

फोनवर तुला एवढंच म्हणालो होतो, की चेल्टनहॅमला घोड्यांच्या रेसचा फेस्टिव्हल बघून आलो, सविस्तर लिहितो. त्याला आठवडा झाला. आज रविवार, मुलगी-जावई नातवाला घेऊन बाहेर गेलेत, घर शांत आहे. आता सगळं लिहूनच उठतो.

इथून चेल्टनहॅम गाडीने जेमतेम पाऊण तास. मंगळवारी सकाळी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्वीडचे कोट, टोप्या, आयरिश हेल काढून चाललेल्या गप्पा आणि दर दुसऱ्या माणसाच्या हातात घडी घातलेला पेपर. पेनने खुणा करणारी ती माणसं पाहिली आणि डर्बीच्या रविवारी डेक्कन क्वीनमध्ये गुडघ्यावर रेसबुक ठेवून वाद घालणारे आपण दोघं आठवलो. दादरला उतरेपर्यंत आपलं एकमत कधी झालं होतं का रे?

कोर्स क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी आहे. स्टँडमध्ये उभं राहिलं की समोर ती टेकडी, हिरवी आणि धुरकट. आपलं महालक्ष्मी आणि पुणं म्हणजे ताटासारखी सपाट मैदानं. इथे जमीन वर जाते, खाली येते, आणि शेवटचा अडथळा पार केला की विनिंग पोस्टपर्यंत सरळ चढ. तीन मैल धावून दमलेल्या घोड्याला तो चढ चढायचा असतो. तिथे पुढचा घोडा एकाएकी जागच्या जागी पळतोय असं वाटायला लागतं आणि मागचे जवळ येतात. फेस्टिव्हल चार दिवसांचा, मंगळवार ते शुक्रवार, रोज ७ रेस. मंगळवारी चॅम्पियन हर्डल, बुधवारी क्वीन मदर चॅम्पियन चेस, गुरुवारी स्टेअर्स हर्डल आणि शुक्रवारी गोल्ड कप. मला तिकिटं मंगळवारची आणि शुक्रवारची मिळाली. मधले दोन दिवस टीव्हीसमोर होतो.

हर्डल आणि चेस, दोन्ही उड्यांच्याच रेस, पण त्यांतला फरक तुला सांगायला हवा. हर्डल ही साडेतीन फुटांची, धक्का लागला तर वाकणारी. चेसच्या फेन्स मात्र किमान साडेचार फूट उंच, बर्चच्या काटक्या घट्ट बांधून केलेल्या, तिथे चूक केली तर घोडा उलथतो. गोल्ड कपला अशा २२ फेन्स आणि अंतर सव्वातीन मैलांच्या वर. आपली डर्बी २४०० मीटर, अडीच मिनिटांत खेळ खलास. ही रेस साडेसहा मिनिटांच्या आसपास चालते. नाना, आयुष्यभर सपाट रेस पाहिलेल्या माणसाला एवढा वेळ श्वास धरून उभं राहण्याची सवय नसते.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. हे घोडे बहुतेक खच्ची केलेले. स्टडवर पैदाशीला पाठवून पैसा करायचा प्रश्नच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं पळत राहतात. आपल्याकडचा डर्बीचा घोडा चार वर्षांचा, दोन सीझन नाव गाजतं आणि मग तो दिसेनासा होतो. इथे लोक घोड्याला सहा-सहा, सात-सात वर्षं ओळखतात, घरातल्या माणसासारखं त्याच्या दुखण्याखुपण्याबद्दल बोलतात. १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षं गोल्ड कप जिंकलेल्या आर्कलचा पुतळा तिथे आहे. एक म्हातारा माणूस त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिलेला मी पाहिला.

मंगळवारच्या पहिल्या रेसला स्टार्टरने टेप सोडली की सगळं मैदान एकदम गर्जना करतं. वर्षभर लोक त्या क्षणाची वाट बघतात. यंदा त्या रेसला मायकेल ओ'सुलिव्हन या जॉकीचं नाव दिलं होतं. २०२३ साली हीच रेस त्याने मरीन नॅशनल या घोड्यावर जिंकली होती. या फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या थर्ल्सला तो पडला आणि दहा दिवसांनी गेला. वय २४. गर्जना झाली, पण माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे भरलेले होते. दुसऱ्या दिवशी मरीन नॅशनलनेच चॅम्पियन चेस मारली, वर शॉन फ्लॅनगन होता. मी टीव्हीसमोर एकटाच उठून उभा राहिलो.

आता चॅम्पियन हर्डल. फक्त ७ घोडे. कॉन्स्टिट्यूशन हिल हा २०२३चा विजेता, भाव एवढा कमी की दोन पौंड लावले तर एक सुटावा. असा फेव्हरिट तू कधीच घेतला नाहीस, मीही घेतला नाही. गेल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, छान दिसला. तू शिकवलंस तसं पाहिलं. कान पुढे, चाल लांब, मागच्या पायांच्या मधे घामाचा फेस नाही. त्याच्यावर दहा पौंड विन लावले. पाचव्या हर्डलला कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. मैदानभर एकच हाय झाली. मग स्टेट मॅन पुढे आला, शेवटच्या हर्डलकडे मोकळा आला, कुणी जवळपासही नाही. माझा हात खिशातल्या पावतीवर गेला होता. आणि तो तिथे पडला. शेवटच्या हर्डलला, नाना! गोल्डन एस नावाची घोडी मागून येऊन जिंकली, २५ला एक, म्हणजे एका पौंडाला पंचवीस.

पैसे गेल्याचं मला क्षणभरही सुचलं नाही. माझी नजर त्या हर्डलपाशी खिळली होती. घोडा उठला का, जॉकी उठला का? दोन्ही घोडे सुखरूप उठले तेव्हा हजारो अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, जे त्यांच्यावर पैसे हरले होते त्यांनीसुद्धा. आपल्या सपाट रेसमध्ये दोनशे मीटर आधी निकाल कळतो आणि उरलेला वेळ आपण ओरडण्यात घालवतो. इथे शेवटची उडी होईपर्यंत काहीच आपलं नसतं. म्हणून इथल्या पंटरचं, पैसे लावणाऱ्याचं, घोड्यावरचं प्रेम मला अधिक खरं वाटलं. त्याला आधी घोडा पायांवर उभा हवा असतो, पैसे नंतर.

सगळेच उठत नाहीत, हेही लिहायला हवं. शुक्रवारी गोल्ड कपमध्ये कॉर्बेट्स क्रॉस पडला तो गेलाच. त्या रेसचा आनंद मी तुला सांगणार आहे, पण हे गाळून सांगणार नाही. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, मग तुम्ही पुन्हा जाल?" मी हो म्हणालो, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

बेटिंगचं तुला कुतूहल असणार. रिंगमध्ये बुकी ओळीने उभे, वर विजेच्या पाट्या, पलीकडे टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी खिडकी. भाव घेतला की पावतीवर छापून येतो आणि तो आपला, नंतर कितीही हलो. इथे पंटरला २००१ पासून बेटिंग टॅक्सच नाही. आपल्याकडे लावलेल्या रकमेवरच जीएसटी. सगळ्यात कामाची चीज म्हणजे ईच वे. अर्धे पैसे विनवर, अर्धे प्लेसवर. आठ किंवा अधिक घोडे असले की तिसऱ्या नंबरापर्यंत प्लेस, आणि प्लेसला बहुधा भावाचा एक पंचमांश. उड्यांच्या रेसमध्ये पुढचे दोघे पडू शकतात, तेव्हा दमदार पण मागे राहणाऱ्या घोड्यावर हाच डाव शहाणपणाचा.

पाकीट मी आपल्या नियमाने केलं होतं. दिवसाचे २५ पौंड, बँकेचं कार्ड घरी, पाकीट संपलं की फक्त बघायचं. माझ्या काकांनी रेसपायी वाटणीची जमीन घालवली, हे तुला ठाऊकच आहे. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, ते बरोबरच आहे. पण हात आवरणं हेही त्याच कौशल्यातलं, असं तू पुण्याच्या स्टँडमध्ये मला बजावलं होतंस. मंगळवारी दुपारी पाकीट रिकामं झालं आणि शेवटच्या दोन रेस मी चहा घेत नुसत्या पाहिल्या.

गुरुवारी रेचल ब्लॅकमोर या जॉकीने बॉब ऑलिंजरवर स्टेअर्स हर्डल जिंकली. चॅम्पियन हर्डल, चॅम्पियन चेस आणि गोल्ड कप तिने आधीच मारले होते. आता चारही मोठ्या रेस तिच्या नावावर. २०२२ साली गोल्ड कप जिंकणारी ती पहिली बाई. माझी नात असती तर तिला हे नाव पाठ करायला लावलं असतं.

शुक्रवारी पहिल्याच रेसला १००ला एकचा पोनिरॉस जिंकला, हर्डलवरची त्याची ती पहिलीच रेस. बुकींचे चेहरे उजळले. गोल्ड कपला सगळे गॅलोपिन दे शाँ म्हणत होते. २०२३ आणि २०२४ त्याने मारलेलं, तिसऱ्यांदा जिंकला तर तो आर्कल आणि बेस्ट मेटच्या पंगतीत बसणार. मी रेसकार्डवर, घोड्यांच्या यादीवर, बोट फिरवत एका नावापाशी थांबलो. आयनोदवेयुअरथिंकिन. इंग्रजी अक्षरं १८च चालतात म्हणून सगळं एका दमात जोडून लिहिलेलं. अर्थ असा, की तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. सात वर्षांचा. फेब्रुवारीत आयर्लंडला चौथा आला होता, पण शेवटी जोरात येत होता. मालकाने त्याला आयत्या वेळी २५,००० पौंड भरून रेसमध्ये घातलं होतं. एवढे पैसे कुणी उगाच भरत नाही, असं तू म्हणाला असतास, अगदी तुझ्याच आवाजात मला ऐकू आलं. सातला एकच्या भावाने ईच वे घेतला, पाच विन, पाच प्लेस.

शेवटच्या फेन्सपाशी तो गॅलोपिनच्या बरोबरीला आला आणि मग त्या चढावर एकटाच धावत गेला. सहा लेंग्थ, सहा घोड्यांच्या लांबीएवढा पुढे! मी कुणाला तरी मिठी मारली, बहुतेक एका आयरिश शेतकऱ्याला. त्याने पाठीवर थाप मारून मला विचारलं, कुठून आलात? मी पुणे सांगितलं.

पुढचा फेस्टिव्हल १० ते १३ मार्च २०२६ला आहे. पासपोर्ट संपला असेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाक, आणि गुडघ्याचं म्हणशील तर गाडीतून उतरल्यावर बस थेट कोर्सपर्यंत जाते, खोली माझ्या शेजारचीच रिकामी आहे. वहिनींना मी स्वतः फोन करीन.

बुकीने ५२ पौंड हातावर मोजले. आपला हिशोब कायम निम्मा-निम्मा, म्हणून २६ मी वेगळ्या पाकिटात घालून वर तुझं नाव लिहून ठेवलेत. येऊन घेऊन जा.

तुझाच
आप्पा