आजीच्या ओव्या लिहून घ्यायच्या राहिल्या, आता तरी घेऊया : गावच्या वाचनालयातर्फे आवाहन

नमस्कार मंडळी, वाचनालयातर्फे लिहितेय पण खरं तर नात म्हणूनच लिहितेय. माझी आजी या माघात गेली. अख्खी आळी तिला आजीच म्हणायची, हे तुम्हाला सांगायला नको. दहाव्याला घाटावर एका मावशीनं सहज विचारलं, तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या का गं? आणि आम्ही सगळे गप्पच झालो.

माझ्या मोबाईलमध्ये फक्त ११ मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, बस्स. तेही गेल्या दिवाळीतलं. तिला खुर्चीत बसवलं, म्हटलं म्हण आता, तर तिला काहीच आठवेना, म्हणाली हाताला खुंटा नको का, नुसत्या तोंडानं कशी येईल ओवी. मग पडवीत पालथं पडलेलं जातं काढलं, पुसलं, मूठभर तांदूळ घातले, तिनं पाय पसरला, खुंट्याला हात लावला आणि दोन फेरे झाले नाहीत तोवर सुरू झाली. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. त्यातली ही एक, माझ्यावर केलेली,

सरलं दळण बाई, चार दाणं सुपात
नातीचं गं माझ्या नाव लिहिलं बुकात

स्वतः ती एक दिवस शाळेत गेली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा पहाटे चारला उठून दळायची, मग भातलावणीला चिखलात, आणि सासूचा जाच, माहेरची आठवण, मेलेलं पहिलं लेकरू, हे सगळं ती कुणाला बोलली नाही, जात्याला सांगितलं. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं फक्त लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण ओव्याही त्याच्याबरोबर थांबल्या.

आपल्या मुळशी तालुक्यात हे काम आधी झालंय बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या, महाराष्ट्रभरातून एक लाखाच्या वर जमल्या, आणि आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ग्रामीण भारताबद्दलची माहिती जपणारा उपक्रम) वेबसाईटवर वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. एकदा ऐका, अंगावर काटा येतो. पण आपल्या गावच्या बायकांच्या ओव्या आपणच जपायला हव्यात ना.

गावात आता पंचाहत्तरीच्या पुढच्या सातच जणी उरल्यात. दोघींना नीट ऐकू येत नाही, एक अंथरुणाला खिळलीय. म्हणून घाई.

आम्हाला एक बरा रेकॉर्डर आणि माईक, दोन हार्ड डिस्क (एक वाचनालयात, एक शाळेत राहील) आणि जात्याला टाकी लावून (म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करून) घ्यायला पाथरवटाची मजुरी एवढं पाहिजे, सगळं मिळून ३८ हजारांचा अंदाज आहे, त्यातले १४ हजार महिला बचत गटानं दिलेत. शंभर रुपये दिलेत तरी चालेल, पावती नक्की घ्या, हिशोब वाचनालयाच्या बोर्डावर लागेल. आणि पैशापेक्षाही माणसं हवीत. ऐकून मराठीत टाईप करणारी पोरं-पोरी हवीत, पुण्या-मुंबईला असलात तरी घरबसल्या करता येईल, फक्त एकच विनंती, आजी जसं बोलते तसंच लिहायचं, दाणं म्हणाली तर दाणंच, शुद्ध करत बसायचं नाही. कुणाकडे जुन्या कॅसेट किंवा लग्नातल्या घाण्याचे व्हिडिओ असतील तर तेही द्या, कॉपी करून परत देऊ.

वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ७ उघडं असतं. पहिलं रेकॉर्डिंग येत्या रविवारी सकाळी ९ ला आमच्या पडवीत, दुपारी आज्यांचा डोळा लागतो म्हणून सकाळचीच वेळ ठेवलीय. ज्यांच्या घरी रिक्षा किंवा गाडी आहे त्यांनी वरच्या आळीतल्या तिघींना आणायचं तेवढं बघा, त्यांना चढ-उतार जमत नाही.