कपाटातलं खाकी पाकीट

पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

गेल्या महिन्यात माझ्यासोबत अमळनेरला आलेली स्वीडनची मैत्रीण तुम्हाला आवडली. आईने तिला भरीत आणि कळण्याची भाकरी आग्रहाने वाढली, निघताना ओटी भरली. ती कशासाठी आली होती हे मात्र मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. समोर बसून सांगणं जमेना, म्हणून लिहिते आहे.

तीही दत्तक गेलेली. १९८३ साली, खान्देशातल्याच एका संस्थेतून, वर्षाचीसुद्धा झाली नव्हती तेव्हा. परदेशी दत्तक देण्याचे नियम सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी घालून दिले, तेही एका वकिलाने कोर्टाला लिहिलेल्या पत्रावरून. त्याआधी गेलेल्यांचे कागद मिळाले तर मिळाले.

आमची ओळख अ‍ॅनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिका-सिनेमांमुळे झाली. बाबा, तुम्हाला मोगली आठवतो ना? १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा. ती मालिका मुळात जपानची, हे मला फार उशिरा कळलं. मी सात वर्षांची होते. लांडगीण मोगलीला चाटत होती आणि मी विचारलं, "याची खरी आई कुठंय?" चित्र हलतंय म्हणत तुम्ही अँटेना फिरवायला घराच्या धाब्यावर गेलात. चित्र हलत नव्हतं, बाबा. मालिका संपली, माझी आंघोळ झाली, तरी तुम्ही खाली उतरला नव्हतात.

दोन वर्षांनी तुम्ही दोघांनी मला जवळ बसवून सगळं सांगितलंत. त्यानंतर मी कधी काही विचारलं नाही. अ‍ॅनिमे मात्र बघत राहिले. 'स्पिरिटेड अवे' किती वेळा पाहिला याची गणती नाही. त्यात चेटकीण मुलीचं नाव काढून घेते, आणि जो आपलं नाव विसरला त्याला घरची वाट सापडत नाही. या सिनेमापायी माझी मैत्रीण जपानी शिकली.

अठरा वर्षं पूर्ण झाली की दत्तक मुलाला स्वतः 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, मूळशोधाचा अर्ज करता येतो. पण जन्मदात्या आईला आपली ओळख झाकून ठेवायची असेल, तर मुलाचा हक्क तिथे थांबतो. मला हे बरोबर वाटतं. मैत्रिणीला आईचं नाव मिळालं नाही. संस्थेच्या वहीतलं एक पान तेवढं बघायला मिळालं. त्यावर निळ्या शाईत तिचं नाव होतं, स्वीडनला जाण्याआधीचं. जपानी घडाघडा वाचणारी ती, पण तिला ते वाचता येईना. तिने वही माझ्याकडे सरकवली. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाली. चौथ्यांदा ती माझ्याबरोबर म्हणाली, आणि मग नावावरची रेघ बोटाने हळूहळू गिरवत राहिली. नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

जळगावहून येताना एसटीत शेजारच्या आजींनी तिच्याकडे बघत मला विचारलं, "कोनी पोर शे व ही?" मी म्हटलं, "आमनी शे." 'आमची आहे' असा त्याचा अर्थ सांगितल्यावर ती धरणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

आई, लोखंडी कपाटात तुझ्या लग्नाच्या शालूखाली खाकी पाकीट आहे. बारावीची मार्कशीट शोधताना मला ते दिसलं होतं. उघडलं नाही, तुझी शपथ. मला कुणाला शोधायला जायचं नाही. तुम्ही आहात, माझं घर तेच आहे. पण त्यात माझं आधीचं एखादं नाव असेल तर ते मला ऐकायचंय, आणि बाबांनी ते मोठ्याने वाचावं असं फार वाटतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी येते. बाबा, चष्म्याचा नंबर तेवढा तपासून घ्या.

तुमची,
माई