काटा खोटा बोलतो तेव्हा

महोदय,

‘सेन्सर बिघडल्याने विमान माघारी, प्रवाशांचा जीव टांगणीला’ अशी बातमी आली की वैमानिकाला घाबरट ठरवणारे लगेच भेटतात. खरे तर माघारी फिरणे हेच बहुधा शहाणपणाचे असते.

वेग मोजणारी पिटो नळी जेमतेम बोटभर. तिच्या तोंडात गांधीलमाशीने घर केले तरी वेगाचा काटा थापा मारू लागतो. फेब्रुवारी १९९६मध्ये बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचे बोइंग ७५७ डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडाले. कॅप्टनचा काटा चालत नाही, हे धावपट्टीवरच लक्षात आले होते, तरी उड्डाण थांबवले नाही. मग तोच काटा वेग फार वाढल्याचे दाखवू लागला. प्रत्यक्षात विमान मंदावत होते. १८९ जण गेले.

अशा वेळी ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद करून नाकाचा ठरलेला कोन आणि इंजिनाची ठरलेली ताकद धरायची. बोइंग ७३७वर फ्लॅप (उड्डाण-उतरणीला पंखातून बाहेर येणाऱ्या झडपा) बाहेर असतील तर नाक १० अंश वर, इंजिन ८० टक्के. एवढे साधले की विमान उडत राहते. मग कॅप्टन, सहवैमानिक आणि राखीव असे तिन्ही काटे ताडून खोटारडा शोधायचा. हे कानात धोक्याचे भोंगे वाजत असताना, बरे का!

नंतर विमान तासभर घिरट्या घालते, तेही अनेकदा इंधन जाळून उतरण्याइतके हलके होण्यासाठी. बातमीत ‘थरार’ थोडा कमी करून हे दोन ओळींत छापलेत तर बरे होईल.

– एक नियमित वाचक